पानावर बसलेल्याला उठवू नये

६ जानेवारी

नांदेडचे डॉक्टर म्हणाले, "बाई, बीपी वाढलंय. राग पोरींवर काढू नका, कागदावर काढा." म्हणून ही डायरी. माझा राग मावेल एवढा कागद या जिल्ह्यात मिळतो का ते माहीत नाही, पण सुरुवात तर करते.

आमचे हे, म्हणजे रेणुकादास गुरुजी, अहमदपूरच्या शाळेतून रिटायर झाले तरी मास्तरकी सुटलेली नाही. म्हणाले, आधी स्वतःचा परिचय, मग विषयप्रवेश. तर परिचय: मी कुसुम, अचलनाथ विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. अहमदपूर रस्त्याला माळावर जी मोठी कमान दिसते ती आमची. आत मठ आहे, मठाचं विद्यापीठ आहे, आणि विद्यापीठात माझ्या जिवाला घोर लावणाऱ्या दीडशे पोरी आहेत.

आता विषयप्रवेश. १ फेब्रुवारीला थोरल्या महाराजांची पुण्यतिथी, त्या दिवशी महापंगत. पहिल्या पंगतीला पुरुष बसतात, म्हणजे गादीवरचे महाराज, पाहुणे, प्राध्यापक, कॉलेजची मुलं. माझ्या पोरी वाढतात. ते जेवून उठले की मग आम्ही बायका. वर्षानुवर्षं असंच चालत आलंय, आणि चांगलं चाललंय.

तर आज पोरींनी कुलसचिवांना निवेदन दिलं. म्हणे, यंदा आम्ही पण पहिल्या पंगतीला बसणार, आणि मुलांनी पण वाढायचं. माझ्या हातावर नक्कल ठेवून वर मलाच विचारतात, "बाई, भाषा बरोबर आहे का?" भाषा चांगली होती, त्याचाच जास्त राग आला.

गेल्या वर्षी दुसऱ्या पंगतीला पोळ्या संपल्या, हे त्यांचं कारण. अगं संपल्या तर संपल्या. मी पण गार भात अन् गुळवणीच खाल्लं. मेले का? आणि मठाच्या त्या पोळ्यांसाठी एवढा तमाशा कशाला? मठाची स्वयंपाकीण केवळाबाई मनानं सोन्यासारखी आहे, पण पुरणाला तिचा हात नाही. ज्या वर्षी पोळ्या उरल्या त्या वर्षी मी खाल्ल्यात की. चपलेचा तळवा परवडला. पुरुष मंडळी "वा वा, विरघळली" म्हणतात, पण पुरुषांना फुकटचं काहीही विरघळतं.

८ जानेवारी

कुलसचिव अमृतरावांनी आज नोटीस लावली. जी मुलगी वाढायला नकार देईल तिचे आचारगुण शून्य.

हे आचारगुण म्हणजे आमच्याकडचं खास प्रकरण. वागणुकीचे पन्नास गुण असतात आणि ते रेक्टर देते, म्हणजे मी. त्यात नापास झाली तर बाकी सगळ्यात पहिली आली तरी पदवी अडकते. अमृतराव केबिनमध्ये चहा पाजून गोड बोलले, "सही तुमची लागेल, रेक्टरबाई. तुम्ही आमच्याच आहात."

मी म्हटलं, "हाव, तुमचीच आहे." नाहीतर कुणाची असणार?

संध्याकाळी मुग्धाला बोलावलं. ही सगळ्याच्या मुळाशी. हदगावची, वडील शाळेत क्लार्क, पोरगी एम.एस्सी.ला हैदराबादच्या विद्यापीठात निवडली गेलीय. आमच्या कॉलेजातून आजवर तिथं कुणी गेलेलं नाही. जूनमध्ये पदवी दाखवली तर प्रवेश, नाहीतर घरी बस.

म्हटलं, "मुग्धे, पोळीसाठी हैदराबाद घालवतीस का?"

"बाई, पोळीसाठी नाही हो."

"मग कशासाठी?"

माझ्याकडं बघत बसली. जशी काही मला अवघड गणित घातलंय अन् मी सोडवायची वाट बघायलीय. आगाऊ कुठली. मग म्हणाली, "तुम्ही खरंच शून्य द्याल का?" मी म्हटलं, "देईन. मी नियमाला चुकत नाही." रात्री जेवण गेलं नाही.

११ जानेवारी

देव पावला! पोरी ताळ्यावर आल्या. मुग्धा आणि आलिया दोघी आज स्वतः होऊन आल्या. म्हणाल्या, "बाई, पंगतीचे सगळे नियम नीट समजून घ्यायचेत. आम्हाला काहीच माहीत नाही, चूक व्हायला नको." मला भरून आलं. इतक्या वर्षांत एकीनं विचारलं नव्हतं.

सगळ्यांना घेऊन भोजनशाळेच्या दारातल्या शिळेपाशी गेले. थोरल्या महाराजांनी स्वतः कोरून घेतलेली आहे ती. एकेक ओळ समजावून सांगितली. पानावर बसलेल्याला उठवू नये. त्याची जात पुसू नये. बसलेला एकही उपाशी असता गादीने घास घेऊ नये. सांगताना मी अगदी रंगात आले होते. दुष्काळाच्या साली एका भणंग माणसाला पुजाऱ्यानं पानावरून उठवलं, तेव्हा थोरले महाराज तीन दिवस जेवले नाहीत, ती गोष्ट पण सांगितली.

आलिया वहीत टिपून घेत होती. ही आमच्या मंडपवाल्या जलीलभाईंची धाकटी. तिनं विचारलं, "बाई, पानावर बसलं असं कधी धरायचं? नुसतं टेकलं तर?"

फार बारकाईनं विचारते पोर. मी सांगितलं, "पान पुढं मांडलं, त्याच्याभोवती पाणी फिरवलं, की झालं. मग साक्षात ब्रह्मदेव आला तरी उठायचं नाही न् उठवायचं नाही."

मुग्धा म्हणाली, "आणि बायकांनी मागून बसायचं, ते कुठल्या ओळीत आहे?"

"सगळंच कोरायचं म्हटलं तर दगड पुरतील का? काही गोष्टी रीतीच्या असतात," मी म्हटलं. उत्तर चांगलं होतं. पोरी एकमेकींकडं बघून हसत होत्या. वय आहे हसायचं.

अमृतरावांना फोन करून सांगितलं, काळजी मिटली, पोरी नियम शिकायल्यात. ते म्हणाले, "शाब्बास."

१४ जानेवारी

संक्रांत. पोरी तिळगूळ घेऊन क्वार्टरवर आल्या आणि माझ्यापेक्षा जास्त वेळ ह्यांच्याशीच बोलत बसल्या. मी आत पोळ्या लाटत होते. कुजबूज काय, हसणं काय! चहा घेऊन आले तर सगळे चिडीचूप.

त्या गेल्यावर हे जेवायला बसले. तव्यावरून पोळी गेली की ह्यांचा हात पुढं. आज पोळी तशीच ताटात ठेवून माझ्याकडं बघत राहिले.

"कुसुम, तू जेवतेस कधी गं?"

मी म्हटलं, "आज काय झालं तुम्हाला? तुमचं झालं की जेवते."

"रोज?"

"नाही, अधिक महिन्यात सोडून! अहो, खा की, गार होईल."

खाल्ली, पण दुसरी मागितली नाही. वय झालंय. उद्या ह्यांचं पण बीपी बघून घ्यावं.

१९ जानेवारी

मुलांच्या वसतिगृहात काहीतरी खूळ शिरलंय. मागच्या पटांगणात पोरं रांगेत मांडी घालून बसतात आणि बाकीची पोरं हातात पाण्यानं भरलेल्या बादल्या घेऊन, कमरेत वाकून, पळीनं ताटल्यांत पाणी ओतत जातात. एकही थेंब सांडला की सगळे ओरडतात. आलोक म्हणून त्यांचा म्होरक्या आहे, त्याला विचारलं, "हे काय चाललंय रे?"

म्हणाला, "कंबरेचा व्यायाम, बाई."

व्यायाम करा बाबांनो, चांगलंच आहे. पण आपल्याकडं पाण्याची काय परिस्थिती असते ते बघून तरी करा. चांगली झापली.

हे पण हल्ली रोज संध्याकाळी मुलांना श्लोक शिकवायला जायलेत. घरात बसून माझं डोकं खाण्यापेक्षा बरं. फक्त एक कळत नाही, श्लोक शिकवून पायजमा गुडघ्यापर्यंत भिजतो कसा? विचारलं तर म्हणाले, "मुलं फार तल्लीन होतात."

२३ जानेवारी

माझ्या पोरींनी सकाळचं ध्यान सुरू केलंय. दीड दीड तास मांडी मोडत नाहीत. मी नुसती बघत राहते. याच पोरी प्रार्थनेला पाच मिनिटं सरळ बसत नव्हत्या. अमृतरावांना दाखवायला घेऊन आले. ते एवढे खूश झाले की दारातच थांबून मोबाईलवर फोटो काढला, विद्यापीठाच्या पुस्तिकेत टाकणार म्हणे.

२७ जानेवारी

मंडपाचं काम सुरू झालं. जलीलभाईंच्या आजोबांपासून मठाचा मंडप त्यांच्याच घरचा. आणि त्यांच्या आजोबांपासून मंडपवाल्याचं पान पहिल्या पंगतीत, महाराजांच्या समोरच्या ओळीत. शिळेवरच आहे, जात पुसू नये.

मी पट्ट्या बघायला गेले. जेवायला बसायच्या लांब सतरंज्यांना आम्ही पट्ट्या म्हणतो. तर जलीलभाईंनी एक ओळ जास्तीची टाकलेली. पार पुढं, महाराजांच्या पाटाजवळ. मी म्हटलं, "भाई, मोजमाप चुकलं तुमचं. ही पट्टी काढा."

"नक्को बाईसाब, राहू द्या. पाव्हणे जादा आले तर?"

"पाहुण्यांची यादी माझ्याकडं आहे. एवढे नाहीत."

"येतात बाईसाब. कवा कवा घरचेच पाव्हणे होतात." आणि पानाची पिंक टाकायला मंडपाबाहेर गेले ते परत आलेच नाहीत. तेही म्हातारे झाले. पूर्वी ओळ एक वीतभर सुद्धा चुकत नव्हती. मी जास्त बोलले नाही, राहू दिली पट्टी.

तिथून स्वयंपाकघरात डोकावले. केवळाबाई डाळ निवडत होती. म्हटलं, "केवळाबाई, यंदा तरी पोळी जरा मऊ कर बाई."

तिनं कपाळाला हात लावला. "बाई, तुमी दरसाली ह्येच म्हन्ता. म्या काय करू? म्या करतेच की मऊ."

म्हणते, मऊ करते. माणसाला आपला दोष दिसत नाही, हेच खरं.

३१ जानेवारी

सगळी तयारी झाली. पोरींच्या कामाच्या वाटण्या करून दिल्या. सकाळी जाऊन पत्रावळी मांडायच्या, पाण्याचे पेले ठेवायचे, मग वाढायला उभं राहायचं. कुणी हू की चू केलं नाही. अमृतरावांनी आज परत आठवण दिली, "गडबड झाली तर शून्य. तिथल्या तिथं जाहीर करायचं."

मी म्हटलं, "गडबड कसली? माझ्या पोरी लोण्यासारख्या मऊ झाल्यात."

झोपायच्या आधी मुग्धा दारात आली. एकदम वाकून पाया पडली. म्हणाली, "बाई, उद्या काही झालं तर रागावू नका."

"काय होणार आहे?"

"तसं नाही. तुम्ही रागावलात की बीपी वाढतं तुमचं."

एवढी माया! मी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हटलं, "जा, झोप. उद्या दिवसभर उभं राहायचंय." ती हसली. ती गेल्यावर मनात आलं. या पोरीला खरंच शून्य द्यायची वेळ आली असती तर? आली नाही, बरं झालं.

१ फेब्रुवारी

अगं माय माय माय. कुठून लिहू?

सकाळी पोरींना ओळीनं मंडपात घेऊन गेले. पुढं मी, मागं दीडशे पोरी. बघणारे बघत राहिले अशी शिस्त. पत्रावळी मांडल्या, पेले ठेवले. मी अमृतरावांकडं वळून म्हटलं, "बघा, कशी कामाला लागल्यात," आणि परत वळून बघते तर सगळ्या बसल्या होत्या! मांडी घालून, ताठ, प्रत्येकीच्या पुढं पान. आणि मग सगळ्यांनी एकदम पेला उचलून पानाभोवती पाणी फिरवलं.

घोषणा नाही, फलक नाही, काही नाही. नुसत्या बसल्या. मंडपात एवढी शांतता की भट्टीवरचा तवा ऐकू येत होता.

अमृतराव लालभडक. "उठा! आत्ताच्या आत्ता उठा!"

आलिया नम्रपणे म्हणाली, "सर, पाणी फिरवलंय. आता उठता येत नाही. बाईंनीच शिकवलंय."

सगळा मंडप माझ्याकडं बघायला लागला. ध्यान, दीड तासाची मांडी, बारीक बारीक प्रश्न, सगळं एका क्षणात डोक्यात चमकलं. आणि मी त्यांना अख्खी शिळा समजावून सांगितली होती, गोष्टीसकट!

कुणीतरी म्हणालं, वाढूच नका, भूक लागली की उठतील. पण तोवर महाराज येऊन पाटावर बसले होते आणि बसलेली एकही उपाशी असता त्यांना घास घेता येत नाही. पाहुणे बाहेर ताटकळलेले. आत केवळाबाईच्या बायका पोळ्यांवर पोळ्या टाकतायत आणि वाढायला कुणी नाही, कारण वाढणाऱ्याच बसलेल्या. अशी सगळी गाठ बसली.

अमृतराव माझ्या कानाशी आले. "रेक्टरबाई, जा. त्या मुग्धाला उठवा. नाही उठली तर शून्य म्हणून सगळ्यांसमोर जाहीर करा. एक उठली की बाकीच्या उठतील."

गेले. नोकरी आहे माझी.

मुग्धा त्या जलीलभाईंच्या जास्तीच्या पट्टीवर बसली होती. तिच्या शेजारी एक जागा रिकामी होती. मी उभी राहून बोलायला लागले तर ती मान उंच करून बघत होती, अवघडेल पोरीची मान. वाकून बोलावं तर माझी कंबर. म्हणून मी त्या रिकाम्या जागेवर टेकले. गुडघे दुखत होते, म्हणून. हे इथं स्पष्ट लिहून ठेवते. दुसरं काही कारण नव्हतं.

म्हटलं, "मुग्धे, हैदराबाद जाईल गं बाई."

तिचे डोळे भरले होते, पण आवाज नाही हलला. "जाऊ द्या, बाई. उठले तर तिथं जाऊन मी कुणाला तोंड दाखवू?"

तेवढ्यात आलियानं पलीकडून माझ्यापुढं पत्रावळ सरकवली अन् पेला हातात दिला. आणि माझा हात मेला! पान पुढं आलं की पाणी फिरवायचं, जन्माची सवय. फिरवलं! गरकन फिरवलं आणि मग लक्षात आलं, काय करून बसले.

पोरींच्यात असा हशा पिकला की मंडपाचं कापड हललं असेल.

अमृतराव धावत आले. "रेक्टरबाई, तुम्ही काय करायलात? उठा!"

मी त्यांच्याकडं बघितलं. मला काय झालं मला सांगता येत नाही. राग म्हणावा तर राग नव्हता, डॉक्टरांनी सांगितल्यापासून सगळा कागदावर काढला होता. उलट पोटातून हसू यायला लागलं. म्हटलं, "पानावरून उठवत नसतात, अमृतराव. दारातच कोरलंय. जाऊन वाचून या."

तेव्हा महाराज बोलले. त्यांना आता नीट दिसत नाही. म्हणाले, "कोण कोण बसलंय रे?"

"महाराज, पोरी बसल्यात," अमृतराव म्हणाले. "आणि... आणि रेक्टरबाई."

"पानं मांडलीत?"

"मांडलीत. पण महाराज, रीत..."

"पाणी फिरवलं का?"

"फिरवलं."

"मग रीत काय विचारतोस? वाढ की. मला भूक लागलीय."

"पण वाढणार कोण, महाराज?"

आणि मंडपाच्या मागच्या पडद्यातून एकापाठोपाठ एक पोरं बाहेर आली. बाह्या वर केलेल्या, हातात बादल्या, पळ्या, भाताची घमेली, पोळ्यांच्या टोपल्या. आलोक सगळ्यांत पुढं, कमरेत वाकून, थेंब न सांडता आमटी वाढत निघाला. तो व्यायाम! ते पाणी! मी झापलं होतं त्यांना!

जलीलभाई पाण्याचा जग घेऊन ओळीतनं फिरायला लागले. माझ्यापाशी थांबले. "बाईसाब, आमचे दादा इथं बसून जेवले, अब्बा बसून जेवले, आमी बी बसलो. तुमी हुभ्या राहून वाढलं. एक दिन तर बदला-बदली होऊ द्या." आलियाचा पेला मात्र त्यांनी काठोकाठ भरला.

महाराज म्हणाले, "अमृतराव, रिकामे का उभे? तुम्ही मीठ घ्या. मीठ सोपं असतं." तर कुलसचिव मिठाची वाटी घेऊन ओळीत शिरले आणि घाबरून प्रत्येक पानावर मूठ मूठ मीठ वाढत सुटले. पोरी हसून हसून बेजार.

आणि मग पोळ्यांची टोपली घेऊन कमरेला माझा टॉवेल गुंडाळलेले, घामानं चष्मा खाली घसरलेले, आमचे हे. ज्यांनी घरात पाण्याचा पेला कधी हातानं भरून घेतला नाही ते! ओळीनं वाढत वाढत माझ्यापुढं आले. तिथं टोपलीतली पोळी नाही वाढली. वळून भट्टीकडं गेले, केवळाबाईच्या तव्यावरून पोळी उचलली, हात भाजला म्हणून या हातातनं त्या हातात नाचवत आणली आणि माझ्या पानावर टाकली. वर तूप ओतलं. निम्मं माझ्या पदरावर.

म्हणाले, "खा, कुसुम. गार होईल."

आता पुढं लिहवत नाही. उद्या लिहीन.

२ फेब्रुवारी

अमृतरावांनी सकाळीच आचारगुण मागितले. तिथल्या तिथं देते म्हटलं. सगळ्या पोरींना पन्नासपैकी पन्नास. पंगतीत बसल्या, अन्नाचा मान ठेवला, नियम सोडला नाही, वडीलधाऱ्यांना उलट बोलल्या नाहीत. आणखी कसला आचार असतो? सही ठोकली. ते म्हणाले, "बाई, वर विचारणा होईल." मी म्हटलं, "होऊ द्या. वर महाराज आहेत. ते काल जाताना म्हणाले, पुढच्या वर्षी यांना लवकर बसवा, भूक लागते."

फक्त मुग्धाला एकोणपन्नास दिले. पानात अर्धी पोळी टाकली होती. तासाभरात भांडायला हजर. "बाई, ती सहावी होती हो! गुरुजी आग्रह करून वाढतच होते!" मी म्हटलं, "हैदराबादला जाऊन पान स्वच्छ करायला शीक, मग देईन तो एक." तर पोरगी माझ्या गळ्यातच पडली. केवढी रडली, केवढी हसली. मी पण.

आता कालचं राहिलेलं.

ती पोळी. मी घास तोडायला गेले तर ती तुटली नाही, नुसती सुटली. तोंडात घातली आणि गेली की हो. कुठं गेली तेच कळलं नाही. दुसरा घास घेतला, तोही तसाच. वेलदोड्याचा वास, पुरण कडेपर्यंत, पापुद्रा असा पातळ. मला वाटलं, यंदा केवळाबाईनं दुसरी कुणी बाई बोलावलीय. मान वळवून बघितलं, तर तीच होती. तोच तवा, तेच लाटणं. मला बघून तिनं लांबूनच विचारलं, "मऊ झालीय का, बाई?"

मी मान डोलावली. इतकी वर्षं तिला नावं ठेवली. ती दरसाली हीच पोळी करत होती. मी दरसाली मागून खात होते.

५ फेब्रुवारी

नांदेडला जाऊन आले. बीपी एकदम व्यवस्थित. डॉक्टरांनी विचारलं, कुठली गोळी चालू केली? मी म्हटलं, पुरणाची.

येताना केवळाबाईला चोळीचा खण दिला. म्हटलं, "तुझी पोळी फार चांगली असते गं." ती म्हणाली, "माहीत हाय मला," आणि खण पदराखाली घातला.

संध्याकाळी पोळ्या करायला बसले तर ह्यांनी हातातलं लाटणं काढून घेतलं. "सरक. पोरांना मी शिकवलंय, मला पण येतं." काही येत नाही. श्लोक येतात. पण हट्टाला पेटले, म्हणून मी पाटावर जाऊन बसले. स्वयंपाकघरात पाटावर बसून तव्याकडं बघायचं म्हणजे कुठं बघावं तेच कळेना मला. दोनदा उठायला गेले. हे लाटणं उगारून म्हणाले, "पानावर बसलेल्यानं उठू नये."

पहिली पोळी करपली. दुसरीचा महाराष्ट्राचा नकाशा झाला, त्यात मराठवाडा तर फाटलाच. दोन्ही तव्यावरून थेट माझ्या ताटात आल्या. दोन्ही गरम होत्या, आणि दोन्ही मी खाल्ल्या.